डोंबिवली स्लो आणि नासची चाळीस मिनिटं

दिवाळीत भाचा घरी आला होता. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फराळाची ताटली मांडीवर घेऊन म्हणाला, "मामा, तू ते हिपहॉप ऐकतोस ना? मला एक लिस्ट दे की." झालं! मी रात्री दीडपर्यंत जागून ६४ गाण्यांची यादी केली. सालासकट, बीट (म्हणजे रॅपच्या मागे वाजणारं संगीत) कोणी बनवली त्याच्या नावासकट. पंधरा दिवसांनी फोनवर विचारलं, तर म्हणाला, "ऐकली ना, तीन-चार. छान आहेत."

त्याची चूक नाही, माझीच. ६४ गाण्यांची यादी म्हणजे रुखवत. सगळे कौतुकाने बघून जातात, खात कोणी नाही.

तरीही गेल्या महिन्याभरात इनबॉक्समध्ये तिघांनी तेच विचारलंय, "कुठून सुरुवात करू?" म्हणून ही पोस्ट. या वेळी यादी नाही. अल्बम सांगतो, तेही मोजके. अट एकच: एक अल्बम घ्यायचा, पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत, शफल बंद करून. आणि तो निदान आठवडाभर बदलायचा नाही.

मी डोंबिवलीहून सीएसएमटीला जातो. स्लो पकडली आणि दारापासून दोन माणसं आत जागा मिळाली, की नास या रॅपरचा 'इल्मॅटिक' लावतो. कोपरला पियानो सुरू झालेला असतो, विक्रोळी येते तेव्हा अल्बम संपतो. जेमतेम ४० मिनिटं. एक प्रस्तावना आणि नऊ गाणी. एप्रिल १९९४मध्ये आला तेव्हा नास वीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज नावाच्या सरकारी घरांच्या अवाढव्य वसाहतीत वाढलेला पोरगा. खिडकीतून जे दिसतं तेवढंच तो सांगतो, पण असं सांगतो की ती खिडकी तुमची होते.

त्यातलं 'वन लव्ह' हे गाणं म्हणजे तुरुंगातल्या दोस्तांना लिहिलेली पत्रं आहेत. गावाकडून येणाऱ्या आंतर्देशीय पत्रासारखीच. तुला मुलगा झाल्याचं कळलं, तुझ्यावर गेलाय म्हणतात. अमका पकडला गेला, तमका बदलला. शेवटच्या कडव्यात बाकावर एक बारा वर्षांचं पोरगं भेटतं. छपरावरून गोळ्या येतात म्हणून ते बुलेटप्रूफ घालून फिरतं. नास त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो आणि उठतो. रडारड नाही, भाषण नाही. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निम्मे शब्द डोक्यावरून गेले होते. आवाजाचा ठेहराव मात्र कळला होता. शब्द नंतर वाचले. तुम्हीही तसंच करा. पहिल्या दोन वेळा नुसतं ऐका, तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. 'इंग्रजी कळत नाही' ही सबब चालणार नाही. आपण अर्धी नाट्यगीतं अर्थ न कळताच पाठ केली आहेत.

आणखी एक जागा दाखवतो. 'लाइफ्स अ बिच' या गाण्याच्या शेवटी एक कॉर्नेट वाजतो, ट्रम्पेटचाच धाकटा भाऊ. तो वाजवणारा माणूस ओलू डारा, नासचा बाप. वीस वर्षांचा मुलगा आयुष्याचा काही भरवसा नाही म्हणून मोकळा होतो आणि मागे बाप शांतपणे वाजवत राहतो. मुलुंड-नाहूरच्या मध्ये कुठेतरी ही जागा येते, असं म्हणायला मला आवडेल, पण ती खरं तर मुंब्र्याच्याही आधी येते. असो.

(सूचना: शिव्या आहेत. भरपूर. सासरे चहा पीत बसलेले असताना स्पीकरवर लावू नका. अनुभवाने सांगतोय.)

शिव्या नकोशा वाटत असतील तर अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या ग्रुपच्या 'द लो एंड थिअरी'पासून सुरुवात करा. १९९१चा अल्बम. जॅझ आवडणाऱ्यांनी तर इथूनच करावी. माइल्स डेव्हिसच्या साठच्या दशकातल्या पंचकात बास वाजवणारे रॉन कार्टर इथे एका गाण्यात खुद्द येऊन बास वाजवून गेलेत. नावातला 'लो एंड' म्हणजे तो खालचा, पोटात घुमणारा आवाज. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलात तर अल्बमचं अर्धं नाक कापलंत. हेडफोन लावा. ग्रुपमधले दोन रॅपर: क्यू-टिपचा आवाज मऊ, नाकातून येणारा. फाइफ डॉगचा चढा, चिडका. दोघं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एकमेकांचं वाक्य पुरं करतात तसं चालतं. फाइफ २०१६मध्ये मधुमेहाने गेला, अवघा ४५ वर्षांचा. तेव्हापासून त्याच्या टिंगलीसुद्धा थोड्या वेगळ्या ऐकू येतात.

आता आमच्या ग्रुपमधल्या एका तबलजीची गोष्ट. विशारद झालेला, संध्याकाळी शिकवण्या घेतो. त्याचा नेहमीचा आक्षेप: "यात गाणं कुठाय? मशीनवर ठोके लावायचे आणि वर बडबड करायची." एकदा त्याच्याच घरी मी त्याला काही न सांगता स्लम व्हिलेजचा 'फँटॅस्टिक, व्हॉल्यूम २' लावला. २००० सालचा, डेट्रॉइटचा. बीट जे डिलाच्या. पहिल्या गाण्यात तो मोबाइल बघत होता. दुसऱ्यात अंगठा टेबलावर पडायला लागला. मग म्हणाला, "हा कोण वाजवतोय? हात जरा सैल आहे याचा. मागे रेलून वाजवतो. पण समेवर बरोबर येतो बेटा."

म्हटलं, हेच ते मशीन.

एमपीसी म्हणून एक यंत्र असतं. त्यावरचे रबरी चौकोन बोटांनी दाबून ठोके भरायचे. आपला ठोका इकडेतिकडे पडला तर यंत्र तो आपोआप ओढून मात्रेवर बसवतं. बहुतेक लोक हे यंत्रावर सोपवून मोकळे होतात. डिला तसं करत नसे. काही ठोके मुद्दाम किंचित आधी, काही किंचित उशिरा, काही बरोबर जागेवर, आणि हे सगळं एकाच वेळी. चारचौघांत चालताना एखादा थोडा झुलत चालतो, पण कोणाला धक्का लागत नाही, तसं. त्याचं एमपीसी आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहालयात ठेवलंय. डिलाचा 'डोनट्स' ७ फेब्रुवारी २००६ला आला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी. तीन दिवसांनी तो गेला. 'डोनट्स'मध्ये रॅप जवळजवळ नाहीच, जुन्या रेकॉर्डचे तुकडे आहेत, ३१ छोटे छोटे ट्रॅक. पण तो सुरुवातीला नको. आधी 'फँटॅस्टिक' पचू द्या.

आमच्या तबलजीने पुढच्या आठवड्यात स्वतःहून विचारलं, "तो सैल हातवाला कोण होता रे?" मी फार काही बोललो नाही. जिंकल्यावर गप्प बसावं.

जुन्या रेकॉर्डचे तुकडे म्हणजे चोरी, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी ११ ऑगस्ट १९७३ची गोष्ट सांगतो. ब्राँक्समध्ये सिंडी कॅम्पबेलला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे हवे होते. म्हणून तिने इमारतीच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली आणि रेकॉर्ड लावायला भावाला उभं केलं. भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. गाण्यात मधेच फक्त ढोल वाजतात तेव्हा लोक जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवायला लागला. बाकी सगळं त्यातून निघालं. तुकडा उचलणं ही या संगीताची खोड नाही, पाया आहे.

अर्थात, विचारून उचलावा. २००२मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' अमेरिकेत गाजलं. त्यात मागे चक्क आपल्या लताबाई. 'ज्योति' सिनेमातल्या 'थोड़ा रेशम लगता है'चा भला मोठा तुकडा गाण्याची बीट बनवणाऱ्या डीजे क्विकने उचलला होता. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं. बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय सीडी विकायला कोर्टाने मनाई केली. बरोबरच केलं. पण मला त्यातली दुसरीच गंमत आवडते. त्या गाण्यात रॅप केलंय रकिमने. ज्याच्या १९८७च्या 'पेड इन फुल'नंतर रॅपची वाक्यरचनाच बदलली, तो रकिम. लताबाई आणि रकिम एका गाण्यात, आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसणार.

त्याच वर्षी एरिक सर्मन या रॅपरने 'ताजमहल'मधल्या कव्वालीतली एक ओळ उचलली. ज्याला आत्महत्येचीच हौस आहे त्याला कोण काय करणार, अशा अर्थाची. त्यावर तो ऐटीत उत्तर देतो की ती जे काही म्हणाली, तसाच मी आहे! मला आजही हसू आवरत नाही.

आपल्या सिनेसंगीताचा माग काढायचा असेल तर बीट बनवणाऱ्या मॅडलिबचा 'बीट कंडक्टा इन इंडिया' ऐका. २००७चा, शब्दच नाहीत. पण मॅडलिबचं खरं काम त्याआधीचं, २००४चा 'मॅडव्हिलनी'. रॅप एमएफ डूमचं. हा डूम कायम लोखंडी मुखवटा घालून फिरायचा. नव्वदच्या दशकात भावाबरोबर त्याचा एक ग्रुप होता. भाऊ १९९३मध्ये गाडीखाली गेला, तयार अल्बम कंपनीने डब्यात टाकला, आणि हा काही वर्षं गायबच झाला. परतला तो मुखवट्यात, खलनायक बनून. या अल्बममध्ये ध्रुवपद नावाची गोष्ट शोधून सापडत नाही. दीड-दोन मिनिटांची गाणी, एक संपायच्या आत दुसरं सुरू. यमकं तर अशी, की मोरोपंतांनी खुर्ची सरकवून जागा दिली असती. पहिल्यांदा ऐकून मला हा अल्बम अजिबात आवडला नव्हता. चौथ्या वेळी कळला. सगळ्यांत जास्त ऐकलेला आज हाच आहे. डूम गेला ३१ ऑक्टोबर २०२०ला. जगाला कळलं ३१ डिसेंबरला. बायकोने सांगितलं तेव्हा.

एक गोष्ट कबूल करायला हवी. बायकांबद्दल या संगीतात जे बोललं जातं, त्यातलं बरंच ऐकवत नाही. 'तो काळच तसा होता' वगैरे म्हणून मी ते झाकणार नाही. आमच्या घरी त्यावरून वाद झालेत आणि मी ते हरलोय. बायकोने माझ्या सगळ्या संग्रहातून एकच अल्बम आपला मानलाय, लॉरिन हिलचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'. १९९८चा. वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळवणारा हा पहिला हिपहॉप अल्बम. गाते आणि रॅपही करते, दोन्ही तोडीस तोड. गाण्यांच्या मध्ये वर्गातली पोरं प्रेमाबद्दल बोलताना ऐकू येतात. त्यानंतर तिचा दुसरा स्टुडिओ अल्बम आलाच नाही. हा एक पुरे.

आउटकास्ट या जोडगोळीचा 'अ‍ॅक्वेमिनाय' ऐकाच. नाव राशींवरून आहे, अ‍ॅक्वेरियस आणि जेमिनाय. म्हणजे मराठीत 'कुंभमिथुन'. पत्रिका जुळली की काय होतं ते बघायला ऐका. अटलांटाची पोरं, बोलण्यात दक्षिणेचा हेल. न्यूयॉर्कवाल्यांनी १९९५च्या एका पुरस्कार सोहळ्यात यांची हुर्यो उडवली होती. तीन वर्षांनी हा अल्बम आला.

एमिनेम? टुपाक? ते तुम्हाला माहीत आहेत, माझी गरज नाही. वु-टँग राहिले, पब्लिक एनिमी राहिले, शिव्या घाला.

आपल्याकडचं म्हणाल, तर पुण्याच्या एमसी स्टॅनचा 'तडीपार' मला बिग बॉसच्या आधीपासून आवडतो. नंतरचं फारसं नाही. पण माझा जीव 'स्वदेशी' या ग्रुपवर. मुंबईची टोळी, जो तो आपापल्या भाषेत बोलतो आणि एमसी मवाली मराठीत. 'वारली रिव्होल्ट'मध्ये आरेतल्या पाड्यावरच्या प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. जंगल वाचवायच्या गाण्यात जंगलात राहणारा माणूस. त्यातलाच एमसी तोडफोड २०२२मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. गुजरातीत रॅप करायचा. हिपहॉप म्हणजे चेन आणि गाड्या असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे एक गाणं ऐकून मग बोलावं.

राहिला केंड्रिक लमार. सगळे 'टु पिंप अ बटरफ्लाय' सुचवतात. थोर आहे, पण नवख्याला तो देणं म्हणजे पहिल्याच दिवशी विलंबित ख्याल. आणि 'डॅम'ला २०१८मध्ये पुलित्झर मिळालं म्हणून तो आधी ऐकू नका. 'गुड किड, मॅड सिटी' घ्या, २०१२चा. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधला एका पोराचा एक दिवस. गाण्यांच्या मध्ये त्याच्या आईबापाचे फोनवरचे निरोप येतात. आईला तिची व्हॅन परत हवी आहे, कामं खोळंबलीत, हा पंधरा मिनिटांत येतो सांगून गेलाय आणि पत्ता नाही. मागे बापाचं भलतंच काही चाललेलं. इकडे पोरगा नको त्या लोकांत, नको त्या गल्लीत. कुठलीही आई, कुठलाही मुलगा. गाडी तेवढी स्कूटी करा.

भाच्याला दिवाळीनंतर फक्त हाच पाठवला. सोबत एकही ओळ लिहिली नाही. गेल्या गुरुवारी रात्री पावणेएकला मेसेज आला:

"मामा, अगदी शेवटी तो परत आईला सांगतो की व्हॅन घेऊन जातो, पंधरा मिनिटांत येतो. म्हणजे हे सगळं त्याच्यानंतर झालं?? मी परत पहिल्यापासून लावलाय."