बोअर कितव्या साइजला हाय?

परवा संध्याकाळी साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा घेत उभा होतो. आमच्या गल्लीतला एक पोरगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मोबाईल पुढं करून म्हणाला, "दादा, जरा बघा की." यामाहाची जुनी आरएक्स100 बाइक विकायला. काळीभोर टाकी, चकाचक क्रोम, आणि खाली लिहिलेलं, ‘फुल रिस्टोर, शोरूम कंडिशन, फालतू फोन करू नये’. किंमत एक लाख पस्तीस हजार.

"घेऊ का?"

म्हटलं, "फोन लाव आणि एवढंच विचार, बोअर कितव्या साइजला आहे."

त्यानं तिथंच स्पीकरवर लावला. पलीकडचा माणूस दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "अहो बोअरचं काय घेऊन बसलाय साहेब, टाकीला चार हात मारलेत रंगाचे!"

पोरगं हिरमुसलं. त्याला चहा पाजून जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय. गाडी हॉलमध्ये ठेवून तिच्यासोबत फोटो काढायचे असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही, खुशाल रंग बघून घ्या. मी बोलतोय ते रविवारी कासला जाऊन दुपारी जेवायला घरी परत येणाऱ्या गाडीबद्दल.

क्लासिक जपानी म्हटलं की जगात लोक 1969च्या होंडा सीबी750चं नाव घेतात. चार सिलिंडर, पुढं डिस्क ब्रेक. आपल्या साताऱ्यात ती कुठली दिसायला! आपलं जपान आलं ते ऐंशीच्या दशकात, इथल्या कंपन्यांचा हात धरून. 1983 ला एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी350 ‘राजदूत 350’ म्हणून आणली. 1984 ला इंड-सुझुकी, 1985 ला हिरो होंडाची सीडी100 आणि यामाहाची आरएक्स100, पाठोपाठ कावासाकी बजाज. आज ज्यांना आपण क्लासिक म्हणून लाख-लाख मोजतो त्या तेव्हा दूधवाले, विमा एजंट आणि नवीन नवरदेव यांच्या गाड्या होत्या. म्हणजे लाडानं ठेवलेल्या नव्हेत, राबवलेल्या. तीस-पस्तीस वर्षं राबलेल्या गाडीत नेमकं काय शिल्लक आहे, तेवढ्याचेच पैसे द्यायचे, हे माझं साधं गणित.

आता बोअर, म्हणजे ज्या सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो त्याचा आतला व्यास.

आरएक्स100चा सिलिंडर 50 मिलिमीटर बोअर आणि 50 मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव. त्यातनं 98 सीसी येतात. पिस्टन घासून घासून सिलिंडर आतून मोठा आणि किंचित लंबगोल होतो. मग लेथवर नेऊन तो पुन्हा गोल करायचा आणि एक साइज मोठा पिस्टन टाकायचा. साइज चार : 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिलिमीटरनं मोठी. शेवटच्या साइजला बोअर 51 होतो, म्हणजे 98 सीसीची गाडी कागदावर न सांगता 102 सीसीची होऊन बसते. त्याच्यापुढं साइज नाही. मग सिलिंडरची आतली नळी, म्हणजे स्लीव्ह, बदला, नाहीतर दुसरा ब्लॉक (अख्खा सिलिंडर) शोधत फिरा.

म्हणजे ह्या गाडीला आयुष्यात मोजून चार संधी मिळतात. मीटरवरचा आकडा खोटा असू शकतो. केबल तुटून दहा वर्षं झालेली असतात, मीटर दुसऱ्याच गाडीचा असतो. ब्लॉकमधला आकडा खोटा नसतो. वरचे चार नट सोडले की हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, वर येतो, आणि मोठ्या साइजच्या पिस्टनच्या माथ्यावर ती साइज पंच केलेली असते. कार्बन फडक्यानं पुसायचा की दिसतो. गॅस्केट नवीन टाकावं लागतं, ते किरकोळ. विकणारा हेड उघडू देत नसेल तर तिथंच चहाचे आभार मानून निघायचं.

कुणी म्हणेल, स्लीव्ह बदलू की, त्यात काय. फोर-स्ट्रोकला खरंच त्यात फार काही नाही, स्लीव्ह म्हणजे साधा पाइप. पण आरएक्स आहे टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकच्या स्लीव्हला खिडक्या असतात, पेट्रोल आत यायची आणि धूर बाहेर जायची. त्या किती उंचीवर उघडतात यावर सगळी गाडी चालते. खिडकी थोडी वरखाली झाली की गाडीचा स्वभावच बदलतो. खाली ओढत नाही, वर नुसती बोंबलते. आणि बोअर मारल्यावर खिडक्यांच्या कडा हातानं मोडाव्या लागतात, नाहीतर धारेत पिस्टनची रिंग अडकून तुटते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

2014 ची गोष्ट. कराडच्या बाजूची एक आरएक्स मी बासष्ट हजारांना घेतली. तेव्हा ही किंमत ऐकून वडील दोन दिवस बोलले नव्हते. गाडी देखणी होती. पहिल्याच आठवड्यात यवतेश्वर घाटात चौथ्यावरनं तिसरा टाकला आणि कडकन आवाज येऊन मागचं चाक दणदण करत थांबलं. ढकलत खाली आणली. आमच्या तात्यांच्या लेथवर ब्लॉक उघडला. तात्यांनी आत बोट फिरवलं, बोट बाहेर काढून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कितीला घेतली म्हणालास?" स्लीव्ह बदललेली, खिडक्यांच्या कडा सुरीसारख्या, रिंगेचे तीन तुकडे. त्यांनी तो ब्लॉक माझ्या हातात देऊन माझं बोट धरून त्या कडेवरनं फिरवलं. बारीक चिरलं. "हे ध्यानात ठेव," एवढंच बोलले. त्यानंतर कुठलीही जुनी टू-स्ट्रोक बघायला गेलो की माझं तोंड आपोआप विचारतं : बोअर कितव्या साइजला हाय?

दुसरं म्हणजे क्रँकची, म्हणजे पिस्टनखाली गोल फिरणाऱ्या दांड्याची, सीलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आधी क्रँकच्या पोटातनं जातं, त्यामुळं तिथं हवा बंद राहिली पाहिजे. डाव्या बाजूचं, मॅग्नेटोकडचं सील गेलं की बाहेरची हवा ओढली जाते. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि एक दिवस गाडी जॅम. ओळखायचं कसं? गाडी गरम करा, न्यूट्रलवर रेस देऊन सोडा. आवाज लगेच खाली आला पाहिजे. रेस सोडूनही इंजिन वरच घुटमळत राहिलं तर सील संशयास्पद. उजवीकडचं, क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढून जळतं. पांढरा धूर थांबता थांबत नाही आणि ऑइलची पातळी गुपचूप खाली जाते. विकणारा म्हणतो, "टू-स्ट्रोक आहे, धूर येणारच." येतो, पण कुठला?

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायला मीटर लागत नाही. गाडी थंड असताना चावी बंद ठेवून किकवर हळूच पूर्ण वजन टाकायचं. किकनं तुम्हाला क्षणभर तोलून धरलं पाहिजे. लोण्यातनं गेल्यासारखी खाली गेली तर ते तुम्ही जाड आहात म्हणून नव्हे, कॉम्प्रेशन गेलंय म्हणून.

सायलेन्सरबद्दल थोडं चिडूनच लिहितो. आवाजासाठी लोक मूळ सायलेन्सर छाटतात, आतली जाळी काढून टाकतात. अरे, टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसती धुराची नळी नाही. त्याचं पोट फुगलेलं आणि पुढं निमुळतं असतं, ते उगाच नव्हे. धुराबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोलही बाहेर निसटतं. आतनं परत फिरलेली दाबाची लाट ते पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. आकार बिघडवला की ताकद गेली आणि पेट्रोल वाढलं, मिळाला काय तर गल्लीतल्या कुत्र्यांचा शाप. मूळ, न छाटलेला, गंजलेला का असेना, सायलेन्सर गाडीवर असेल तर त्याचे वेगळे पैसे द्यायला मी तयार असतो. चमकणाऱ्या नवीन सायलेन्सरचे नाही.

कागदाचं थोडक्यात, पण यातच सगळ्यात जास्त लोक बुडतात. पंधरा वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण लागतं आणि मग दर पाच वर्षांनी. 1 एप्रिल 2022 ला त्याची फी दुचाकीला 300 वरून 1000 झाली होती, 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती आणखी वाढली, शिवाय उशिराचा दंड महिन्याच्या हिशोबानं चढत जातो, शिवाय ग्रीन टॅक्स. ‘पासिंग संपलंय, करून घ्या’ असं कुणी सहज म्हणालं तर आधी विचारा किती वर्षांपूर्वी संपलंय. जुनी आरसी बुकं अजून ऑनलाइन चढलेली नसतात, ते काम मूळ मालकाशिवाय होता होत नाही आणि मूळ मालक बरेचदा वर गेलेला असतो. चेसी नंबरवर बोट फिरवून बघा, आजूबाजूला घासल्याची खूण नको. आरएक्स100च्या नंबरची सुरुवात 1एल1 ने होते. आरएक्स135चं इंजिन बसवलेल्या आरएक्स100 पुष्कळ फिरतात. पळतात झकास, पण आरसीवर 98 सीसी असते.

आणि ‘व्हिंटेज’ हा शब्द ऐकला की किंमत वाढवून देऊ नका. 2021च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांच्या पुढची लागते, आणि तशी नोंद केली की ती रोज फिरवायलाही परवानगी नाही. सगळ्यात पहिली आरएक्स100 सुद्धा 2035 आधी तिथं पोचत नाही.

मग किती द्यायचे? मी वजाबाकी करतो. मूळ चेसी, मूळ इंजिन, चालू कागद आणि 0.25 किंवा 0.50 वरचा ब्लॉक, अशी गाडी अंगावर ओरखडे घेऊन उभी असली तरी तिला पूर्ण भाव. ब्लॉक 0.75 ला असेल तर एक इंजिनकाम वजा. 1.00 ला असेल तर दुसऱ्या ब्लॉकची किंमत, तो शोधायला जाणारे रविवार आणि घरच्यांची बोलणी, सगळं वजा. रंगाला शून्य. खरं तर रंगाला मी थोडे कमीच करतो. जुना मूळ रंग अंगावर असेल तर गाडी कुठं आपटली, कुठं वेल्डिंग झालं, ते दिसतं. ताज्या रंगाखाली काय झाकलंय ते फक्त रंगवणाऱ्याला माहीत.

माझं अजून एक मत, ज्यावरनं मित्रांत दर वेळी वाद होतो : फिरवायलाच हवी असेल तर आरएक्स100 सोडा. सुझुकी समुराई बघा, सीडी100 बघा. सीडीचं 97.2 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन कुठलाही फिटर डोळे मिटून उघडतो. आरएक्सच्या किमतीत नावाचे पैसे फार झालेत. 1996 ला ती बंद झाली तेव्हापासून तिच्या गोष्टी वाढत गेल्या, आणि गोष्टींना बोअर मारावा लागत नाही. (हो, माझ्याकडं आरएक्सच आहे. कळतंय मला.)

राजदूत 350 च्या वाटेला तर पैसे असले तरी लगेच जाऊ नका. 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि आपल्याकडं आली ती पुढची डिस्क काढून ड्रम ब्रेक लावून. पळायला वाघ, थांबायला बैल. ‘रॅपिड डेथ’ नाव लोकांनी उगाच नव्हतं ठेवलं. तिच्या क्रँकमध्ये दोन सिलिंडरच्या मधोमध आणखी एक सील असतं आणि ते बदलायचं तर क्रँकच फोडावा लागतो. ते काम हातात बसलेला माणूस आधी शोधा, मग गाडी.

घाटातली एक गोष्ट राहिली. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलसोबत जातं. माझा ऑइल पंप आधीच्या मालकानंच बंद केलाय, मी टाकीत लिटरला 25 मिली टू-टी (2T, टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळतो. कासवरनं खाली येताना लोक रेस पूर्ण बंद करून, गिअरवर गाडी सोडून देतात. इंजिन फिरतंय जोरात आणि तेल जवळजवळ बंद. चढताना तापलेला पिस्टन उतरताना धरतो, म्हणजे जॅम होतो, तो यामुळं. दर वळणाला क्लच दाबून एक हलकी रेस द्यायची. मागं बसलेल्या बायकोला वाटतं आपण स्टाइल मारतोय. वाटू दे.

माझी गाडी सध्या 0.50 वर आहे. गेल्या महिन्यापासून सकाळी थंड असताना पिस्टनची बारीक टकटक ऐकू येते, गरम झाली की जाते. तात्यांना ऐकवली. म्हणाले दिवाळीपर्यंत निघेल, मग 0.75. पिस्टन आत्ताच आणून ठेवलाय, मिळतोय तोवर. आईच्या कपाटात, कंदी पेढ्याच्या रिकाम्या बॉक्समध्ये आहे, आणि पाहुणे आले की ती दर वेळी तोच बॉक्स उघडते.