पिस्टनला दोन की-फ्रेम पुरत नाहीत

ब्लेंडरसारख्या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये इंजिन चालते दाखवू पाहणाऱ्या नवशिक्यांना एक सल्ला सर्रास दिला जातो: पिस्टनला वर एक आणि खाली एक की-फ्रेम (ठरावीक क्षणाची नोंदवलेली स्थिती; मधली हालचाल सॉफ्टवेअर भरते) द्यावी, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड त्याच्याकडे रोखून ठेवावा, व्हॉल्व्हही तसेच हलवावेत आणि वेग खऱ्या इंजिनाचा ठेवावा, रिगिंगचा, म्हणजे भाग एकमेकांशी नियमांनी बांधण्याचा, खटाटोप अनावश्यक आहे. दूरवर धूसर दिसणाऱ्या इंजिनापुरते हे चालून जाईल. परंतु जिथे इंजिनाचा छेद दाखवून त्याचे कार्य समजावायचे आहे, तिथे या सल्ल्यातला प्रत्येक भाग प्रेक्षकाला चुकीचे शिकवतो.

‘पिस्टनची हालचाल दोन्ही टोकांना सारखीच असते’ हे पहिले गृहीतक आहे, आणि सर्वांत मोठी चूक त्यातच आहे. स्ट्रोक (पिस्टनचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास) ९० मिलिमीटर, म्हणजे क्रँकची (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दंडाची) त्रिज्या ४५ मिलिमीटर, आणि रॉड १५० मिलिमीटर लांब आहे असे धरू. क्रँक वरच्या टोकापासून ९० अंश फिरतो तेव्हा पिस्टन ४५ नव्हे, तर जवळजवळ ५२ मिलिमीटर खाली आलेला असतो, कारण तिरका झालेला रॉड त्याला आणखी खाली ओढतो. परिणामी स्ट्रोकच्या वरच्या अर्ध्या भागात पिस्टन फेऱ्याचे सुमारे १६३ अंश असतो आणि खालच्या अर्ध्या भागात १९७ अंश. हा फरक नगण्य असता, तर सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट गतीचे कंपन उद्भवलेच नसते आणि ते शमवण्यासाठी अनेक इंजिनांत बॅलन्स शाफ्ट बसवावे लागले नसते.

‘रॉड पिस्टनकडे रोखला की काम झाले’ हा दुसरा मुद्दा पहिल्या चुकीवर पांघरूण घालतो. दोन की-फ्रेमचा पिस्टन ९० अंशांवर स्ट्रोकच्या मध्यावर असेल, तर क्रँकपिन (रॉड क्रँकला जोडणारी पिन) आणि गजन पिन (रॉड पिस्टनला जोडणारी पिन) यांच्यातले अंतर १५६.६ मिलिमीटर भरते. रॉड मात्र १५० मिलिमीटरचाच आहे, त्यामुळे त्याचे वरचे टोक पिनपासून साडेसहा मिलिमीटर सुटते. ते लपवण्यासाठी वस्तू लक्ष्यापर्यंत ताणणारे ‘स्ट्रेच टू’ वापरले, तर पोलादी रॉड दर फेऱ्यात लांब-आखूड होतो. ० आणि १८० अंशांवर सारे जुळत असल्याने, फक्त टोके तपासणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. यावर रॉड पिस्टनवर आणि पिस्टन रॉडवर अवलंबून ठेवण्याचा उपाय काही जण करतात, पण त्यातून परस्परावलंबनाचे चक्र तयार होते. योग्य मार्ग असा, की क्रँकचा कोन ही एकच स्वतंत्र राशी ठेवावी. रॉडच्या लांबीच्या वर्गातून क्रँकपिनच्या आडव्या अंतराचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढावे आणि ते क्रँकपिनच्या उंचीत मिळवावे. गजन पिनची उंची मिळते. ड्रायव्हरमध्ये (एका मूल्यावरून दुसरे मूल्य ठरवणाऱ्या सोयीत) एवढे एक सूत्र लिहिले, की रॉडला लक्ष्याकडे फक्त रोखून ठेवणारा ‘डॅम्प्ड ट्रॅक’ खरोखरच पुरतो.

व्हॉल्व्ह पिस्टनसारखे अखंड हलत नाहीत. चार स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो आणि ७२० अंशांच्या चक्रात प्रत्येक व्हॉल्व्ह साधारण एकतृतीयांश काळच उघडा असतो. उरलेला काळ तो बंद राहिला पाहिजे. निम्म्या गतीसाठी दुसऱ्या वस्तूचे फिरणे उतरवून घेणाऱ्या ‘कॉपी रोटेशन’चा प्रभाव ०.५ ठेवण्याची युक्ती सुचवली जाते, ती टाळावी. तिथे पूर्ण फेऱ्यांची मोजणी हरवते आणि कॅम मध्येच उडी मारतो. क्रँकचा कोन वेगळ्या कस्टम प्रॉपर्टीत (आपण स्वतः जोडलेल्या मूल्यात) साठवावा आणि ३६० नंतर शून्यावर न आणता ७२०, १०८० असा वाढू द्यावा.

राहिला ‘खऱ्या आरपीएम’चा, म्हणजे मिनिटाला खऱ्या इंजिनाइतक्या फेऱ्यांचा, आग्रह. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रफितीत ३००० आरपीएम म्हणजे फ्रेममागे नेमके दोन फेरे. मोशन ब्लर (वेगामुळे येणारा धूसरपणा) नसेल तर क्रँक जागचा हललेला दिसणार नाही. १४०० आरपीएमला तो फ्रेममागे २४ अंश उलटा फिरताना दिसेल. छेददृश्यासाठी मिनिटाला ३० फेरे ठेवले, तर एका फेऱ्याला ५० फ्रेम मिळतात, पूर्ण चक्राला चार सेकंद लागतात आणि प्रत्येक स्ट्रोक समजावायला निवेदकाला एक सेकंद मिळतो.