तत्रैव

विद्यार्थ्यांच्या निबंधलेखनावरील माझ्या लघुप्रबंधाची छाप पहिल्याच पानावर पडावी म्हणून मी प्रस्तावनेत एक माहिती पेरली होती. वाङ्मयचौर्याला इंग्रजीत जो 'प्लॅजिअरिझम' हा शब्द आहे, त्याचे मूळ 'माणसे पळवून नेणारा' अशा अर्थाच्या 'प्लॅजिअरियस' या लॅटिन शब्दात असून, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील मार्शल या रोमन कवीने, त्याच्या कविता स्वतःच्या म्हणून खपवणाऱ्या एका इसमाला तो चिकटवला होता. मार्गदर्शक मॅडमनी परिच्छेद वाचला, समाधानाने मान हलवली आणि समासात लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहिला: 'कुठून?'

चोरीवरचा परिच्छेदच चोरीचा निघाल्यावर माणसाने काय बोलावे? ही तर सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे, असे मी चाचरत म्हणून पाहिले. "सूर्य पूर्वेला उगवतो हे सर्वांना माहीत असते," मॅडम म्हणाल्या. "मार्शल तुम्हाला परवापर्यंत माहीत नव्हता." हे खरेच होते, फक्त परवा तो मला नेमका कोणत्या पुस्तकात भेटला, हे काही केल्या आठवेना.

संदर्भ देणे म्हणजे पुस्तकाचे नाव लिहिणे, अशी माझी तोवर बाळबोध समजूत होती. विभागाने आधी एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भपद्धत सांगितली. तीत लेखकाच्या आडनावापुढे पहिल्या नावाचे केवळ आद्याक्षर लागते, लगेच कंसात वर्ष येते आणि २०१९ मध्ये निघालेल्या तिच्या नियमपुस्तिकेच्या सातव्या आवृत्तीपासून पुस्तकाच्या प्रकाशनाचे गावही लिहावे लागत नाही. मी आज्ञाधारकपणे ऐंशी नोंदींमधील नावे छाटली, गावे पुसली आणि हात झटकले. पंधरा दिवसांनी विभागाचे मत पालटले. आता 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' या नियमपुस्तकाच्या पद्धतीच्या तळटिपा हव्यात आणि त्यांत पूर्ण नाव व गाव दोन्ही हवे, असा निरोप आला. स्वतःच्याच हाताने छाटलेली नावे शोधत मी ग्रंथालयात फिरू लागलो, तेव्हा 'आर.' म्हणजे रॉबर्ट, रिचर्ड की रूथ, या प्रश्नाने मला जितके छळले, तितके माझ्या संशोधनाच्या प्रश्नाने कधीही छळले नव्हते.

तळटिपांच्या राज्यात 'तत्रैव' नावाचा एक गोंडस शब्द नांदतो. लगतच्या आधीच्या टिपेत सांगितलेला ग्रंथच इथेही समजावा, एवढाच त्याचा अर्थ. शिकागोच्या २०१७ मधील सतराव्या आवृत्तीने त्याऐवजी लेखकाचे आडनाव आणि संक्षिप्त शीर्षक द्यावे, असा सल्ला दिला आहे, परंतु विभागाच्या नमुन्यात 'तत्रैव' होते आणि मला ते दिसायलाही भारदस्त वाटत होते. दुसऱ्या प्रकरणात टीप १४ मध्ये एका विदुषीचा ग्रंथ होता आणि १५ ते १९ या पाचही टिपा 'तत्रैव' होत्या. शेवटच्या रात्री मला टीप १४ नंतर आणखी एक संदर्भ घालण्याची बुद्धी झाली. संगणकाने पुढचे आकडे आपोआप वाढवले, मात्र कोणता 'तत्रैव' कोणाकडे बोट दाखवतो, याच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते. परिणामी पाठांतराचा कडाडून निषेध करणाऱ्या त्या विदुषीची पाच विधाने रातोरात पाठांतराच्या एका कट्टर समर्थकाच्या खात्यावर जमा झाली, आणि तीही पृष्ठांकांसह.

शब्दांतराची कथा याहून लाजिरवाणी आहे. 'महत्त्वाचा'चे 'मोलाचा' केले, 'परंतु'चे 'तथापि' केले आणि वाक्याची शेपटी उचलून पुढे आणली की वाक्य आपले झाले, असे मी धरून चाललो होतो. मॅडमनी मूळ उतारा आणि माझा उतारा शेजारी शेजारी ठेवले. विचारांचा क्रम तोच, उदाहरणे तीच. इतकेच नव्हे, तर मूळ लेखकाने बेरजेत केलेली एक चूकही माझ्याकडे सुखरूप पोचली होती. "घराला रंग दिला म्हणून मालक बदलत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. पुस्तक वाचून मिटावे, आठवेल तसे आपल्या भाषेत लिहावे, मग मुळाशी ताडून पाहावे आणि विचार दुसऱ्याचा असल्याने संदर्भ तरीही द्यावा, हा त्यांनी सांगितलेला उपाय मी इमानेइतबारे करून पाहिला. सोळा पाने वाचून पुस्तक मिटल्यावर माझ्याजवळ दीड वाक्य उरले. त्या दीड वाक्यालाही तळटीप लागली.

मग संगणकीय तपासणीचा अहवाल आला: साम्य ३१ टक्के. मला घाम फुटला. अहवाल उघडला तर रंगवलेले काय होते? अवतरणचिन्हांत नीट दिलेली अवतरणे, 'प्रस्तुत प्रकरणात आपण पाहणार आहोत' हे अनाथ वाक्य आणि अख्खी संदर्भसूची. जणू पुस्तकांची नावेही मी स्वतःच्या शब्दांत लिहायला हवी होती. ते यंत्र जुळणारे शब्द दाखवते, चोर पकडत नाही, असे मॅडमनी समजावले. अवतरणे आणि सूची वगळल्यावर आकडा ९ वर आला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकणार, इतक्यात त्यांची पेन्सिल पृष्ठ ४७ वर थांबली. 'मुलाला निबंध लिहायला सांगणारे पुष्कळ असतात. त्याला काही सांगायचे आहे का, हे विचारणारा सहसा नसतो.' यंत्राने या वाक्याला रंगाचा ठिपकाही लावलेला नव्हता. समासात लाल अक्षरे उमटली: 'कुठून?'

मी दुखावलो. हे वाक्य माझेच आहे, माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे, असे मी ठासून सांगितले. मॅडमनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हटले, "तुम्ही इतके चांगले लिहीत नाही."

घरी जाऊन वही उघडली. वाक्य होते. अवतरणचिन्हे नव्हती, पुस्तकाचे नाव नव्हते, पृष्ठांक नव्हता. खाली दोन रेघा होत्या आणि शेजारी मी स्वतःच लिहिले होते, 'वा!' स्वतःच्या वाक्याला इतक्या उघडपणे दाद देण्याइतका मी निर्लज्ज नाही. यंत्राला त्याच्या साठ्यात असलेलेच लेखन ओळखता येते. हे वाक्य ज्या जुन्या छापील पुस्तकातून आले असावे, ते त्या साठ्यात नसणार.

तीन दिवस मी कपाटे उपसली. चौथ्या दिवशी दुपारी एका धुळकट पुस्तकाच्या ११२ व्या पानावर ते वाक्य सापडले, शब्दन् शब्द तेच. मी आनंदाने पृष्ठांक टिपून घेतला आणि मग लक्षात आले, की तिथेही ते अवतरणचिन्हांत होते आणि त्याच्या डोक्यावर ३८ हा बारीक आकडा होता. पानाच्या तळाशी पाहिले. टीप ३८: तत्रैव. तिच्या वर टीप ३७: तत्रैव. मी खुर्ची ओढून बसलो आणि पान मागे उलटले. टीप ३६: तत्रैव.