काका, तुमचा रेक्टिफायर खरंच गेला होता का?

नमस्कार काका,

‘बुलेट चार्ज होत नाही’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझं ऐकून तुम्ही तीन रविवार वायरींचे जोड घासण्यात घालवले. मीटरवर १४ व्होल्ट दिसेनात म्हणून नवी कॉइल प्लेट (इंजिनात वीज तयार करणारी) घेतली, तीही वाया गेली. शेवटी फोंड्याच्या मेकॅनिकने रेक्टिफायर, म्हणजे कॉइलची एसी वीज डीसी करून बॅटरीला देणारा डबा, बदलला आणि दहा मिनिटांत काम झालं. म्हणजे ‘आधी रेक्टिफायर बदलू नका’ हा माझा सल्ला चुकीचा, आणि मीटरपेक्षा चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून बघण्याची जुनी रीत बरी.

कॉइल प्लेटचा भुर्दंड माझ्यामुळे पडला, हे मान्य करतो. १४ व्होल्ट यायला हवेत एवढंच मी लिहिलं, ते किती रेसवर हे लिहिलं नाही. तुम्ही आयडलवर, म्हणजे रेस न देता, मोजलंत आणि १२.१ आले. हेडलाइट लावून जुनी बुलेट आयडलवर उभी केली की ॲम्पिअरचा काटा उण्याकडे झुकणारच, त्यात कॉइलचा काही दोष नसतो. तिसऱ्या गिअरमध्ये ४०-४५ च्या वेगाला इंजिन जेवढं फिरतं, तेवढी रेस देऊन मोजायचं. तेव्हा बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ मिळायला हवेत. कॉइल प्लेटवर संशय असेल तर तिच्या वायरी रेक्टिफायरपासून सोडवून मीटर एसीवर लावायचा. रेस वाढवली की आकडा चढत गेला पाहिजे, आणि इंजिन बंद करून तपासलं तर वायर आणि चेसिस यांच्यात जोड लागता कामा नये. हे मी सविस्तर लिहिलं असतं तर तुमचे पैसे वाचले असते. लेखात आज ही दुरुस्ती केली आहे.

पण रेक्टिफायरचं मला अजून पटलेलं नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. गाडीला गेल्या वर्षी नवा रंग दिला, चेसिसला पावडर कोटिंग केलं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं. जुलैच्या एका रात्री पणजीहून म्हापशाला येताना गिरीजवळ हेडलाइट मंद होत होत पिवळा पडला. पुढच्या महिनाभरात मी दोन रेक्टिफायर आणि एक बॅटरी बदलली. प्रत्येक नवा रेक्टिफायर आठवडाभर चालायचा. कारण तो बसवताना बोल्ट घट्ट व्हायचा, रंग थोडा खरवडला जायचा आणि तेवढ्यापुरती अर्थ, म्हणजे विजेची बॅटरीकडे परतीची वाट, मिळायची. ज्या युनिटला वेगळी अर्थ वायर नसते, त्याची अर्थ बॉडीतूनच जाते, आणि पावडर कोटिंग वीज जाऊ देत नाही. त्यात आपली हवा. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तसे इथे वायरीच्या टोकाचे पितळी लग कळकतात. वरून वायर धडधाकट दिसते, रबर मागे सरकवलं की आत हिरवी भुकटी. म्हणून जोड तपासताना मीटरच्या नुसत्या बीपवर विश्वास ठेवू नका. वायरीतली एक तार शाबूत असली तरी मीटर बीप देतो, पण त्या एका तारेतून चार्जिंगचा करंट जाणार कसा?

खरी परीक्षा अशी: इंजिन रेसवर, हेडलाइट चालू, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक रेक्टिफायरच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या उण्या टोकाला. ०.२ पेक्षा जास्त आकडा आला तर अर्थ खराब. माझ्याकडे १.३ आला होता. रेक्टिफायर १४ देत होता आणि बॅटरीला पुरते १३ सुद्धा पोचत नव्हते. त्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने काढून एक जाड वायर थेट बॅटरीला नेली. त्यानंतर आजवर रेक्टिफायरला हात लावावा लागलेला नाही.

बॅटरीची वायर काढून बघण्याबद्दल मात्र कळकळीची विनंती आहे, ते करू नका. ही रीत डायनामोच्या काळातली. मद्रासला १९५५ पासून जुळणी झालेल्या सुरुवातीच्या बुलेटना डायनामो होते, आपल्या गाड्यांना अल्टरनेटर आहे (कॉइल प्लेट हा त्याचाच भाग). बॅटरी मधून निघाली की व्होल्टेज आवरायला कोणी उरत नाही. एका झटक्यात बल्ब जातात, रेक्टिफायरही जातो. तीन रविवार जोड घासताना तुम्ही हा प्रयोग केला असेल, तर तुमचा रेक्टिफायर खरोखर तेव्हाच गेला असण्याची शक्यता आहे.

जुना रेक्टिफायर टाकून दिला नसेल तर तो परत बसवा. त्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या उण्या टोकापर्यंत एक वायर जोडा आणि रेस देऊन मोजा. १४ आले, तर नव्यालाही तशी वायर आजच द्या, नाहीतर येत्या पावसात तोही ‘जाईल’. नाही आले, तर तुमचा मेकॅनिक बरोबर होता आणि तसं मी लेखात सगळ्यात वर लिहीन. एकट्याने जमत नसेल तर कळवा, उघडीप मिळाली की मीटर घेऊन फोंड्याला येतो.