रिबीट लवकर तुटावा म्हणून काही सोपे उपाय

पिकअपच्या फाळक्याला नवी कडी बसवताय? मग ती वेळेवर तुटेल याचीही सोय करून घ्या. माझी मंगळवारी कोल्हापूरच्या फुलेवाडीत तुटली. तिथला रस्ता तुम्हाला माहीतच आहे. ३०-३० किलोचे गुळाचे रवे एकामागून एक खाली उतरले, जणू त्यांचा स्टॉपच तो.

तर पहिलं, कडीची पट्टी पत्र्याला जोडणारा रिबीट बारीक घ्या. जुना १० मिलिमीटरचा भरीव काढून टाका आणि ५ चा पॉप, म्हणजे मधली सळई ओढून बसवायचा पोकळ रिबीट, मारा. फिटर म्हणेल, "निम्माच तर बारीक हाय, दादा." तुम्हीही मान डोलवा. व्यास निम्मा म्हणजे ताकद आठ आणे, असा हिशेब मीही केला होता. उरतात चार आणे! भरल्या गाडीत फाळका कडीची पट्टी मागं ओढतो, बाजूचा पत्रा जागचा हलत नाही, आणि मधल्यामध्ये रिबीट आडवा कातरला जातो. तिथं उपयोगी पडतं ते त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. १० ला ७८.५ चौरस मिलिमीटर, ५ ला १९.६. तेही भरीव असला तर. पॉपमधली सळई गळाली की राहते नुसती नळी. माझ्या डाव्या बाजूचे दोन्ही रिबीट काकडी कापावी तसे सपाट कापले गेलेत. तोंडं अजून चकाकतायत.

भोक सैल ठेवा. खडखड वाजलं की गाडी चालू आहे हे कळतं.

भोक काठाला चिकटून पाडा. मध्यापासून काठापर्यंत निदान दीड व्यास सोडा, असं पुस्तकात आहे. पुस्तकाला कुठं यार्डात गूळ न्यायचाय?

पत्रा पातळच बरा. उजवीकडं एक जुना जाड रिबीट फिटरनं कंटाळून तसाच ठेवला होता. डावी बाजू सुटल्यावर सगळा भार त्याच्यावर आला. तो अजून ठणठणीत आहे, पण पत्रा १.२ चा. दाब झेलायला जागा किती? व्यास गुणिले जाडी, १२ चौरस मिलिमीटर. भोक चिरडत खारकेसारखं लांबट झालं आणि काठ फाडून रिबीट बाहेर!

अरे, आतून ३ मिलिमीटरची एक पट्टी घातली असतीस तर काय बिघडलं असतं? ऑइल इंजिनं घडवणाऱ्या उद्यमनगरात बसतोस ना तू? दोनशे रुपये जास्त मागायचेस, दिले असते. मागं स्कूटरवर पोराला घेऊन एक बाई होती. रवा तिच्या चाकापासून हातभर लांब पडला. हातभर! आणि तू म्हणाला होतास, "काय बी हुईत न्हाई." पावती मागितली तर, "पावती कशाला, मी हितंच हाय की."

हितंच हाईस, तर फोन उचल!