मन घट्ट नव्हतं म्हणून नाही, बाई

आपल्या यवतमाळकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय: "गरोदरपणी रोज स्वतःशी प्रेमाने बोला, बाळंतपणानंतर नैराश्य येणारच नाही."

यातलं अर्धंच खरं आहे. स्वतःवर माया ठेवणाऱ्या गरोदर बायांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी दिसतात, असं अभ्यासांत आढळलंय. माया म्हणजे आरशापुढे गोड बोलणं नव्हे. सोयाबीन सोंगायच्या दिवसांत कंबर धरली, तर शेजारणीला आपण म्हणू, "बस माय जराशी." तेच स्वतःला म्हणणं, आणि बसणं.

पण "येणारच नाही" हे चूक आहे, आणि मला ते घातक वाटतं. ज्या बाळंतिणीला त्रास होतो, ती मग स्वतःलाच दोष देते. आधी कधी झालेलं नैराश्य, घरातली मारझोड, पैशाची ओढाताण, मुलगी झाली म्हणून टोमणे, यांनी धोका वाढतो. तिथे स्वतःवरची माया एकटी किती पुरेल?

पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं बहुतेकींना होतं, ते ओसरतं. दोन आठवड्यांपुढे उदासी राहिली, झोप उडाली, लेकराकडे पाहवेना, तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. अंगावर पाजतानाही चालणारी औषधं आहेत, डॉक्टर ती देतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, बाईला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेचा, फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.