चावट विनोद चालतात, डॉक्टर चालत नाहीत

मुलीच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. पाळी, वयात येताना शरीरात होणारे बदल, कुणी नको तिथे हात लावला तर काय करायचं, एवढाच विषय. पालकांनी ओरड केली आणि शाळेने ते रद्द करून टाकलं. का, तर "मुलांना नको त्या वयात नको ते कळेल."

अहो, कळेल काय, कळलंय! पोरांच्या हातात फोन तुम्हीच दिलेत. त्यावर ती काय बघतात याचा तुम्हाला पुरता अंदाज आहे, म्हणूनच तर तुम्ही विचारत नाही.

मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने ओरडणारे गृहस्थ सोसायटीच्या ग्रुपवर रोज रात्री बायका-मेहुण्यांवरचे चावट विनोद टाकतात. हळदीला द्वयर्थी गाणी लागतात आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचतात. नवी सून घरात येऊन सहा महिने होत नाहीत तोच भर पंगतीत तिला "गोड बातमी कधी?" विचारतात. तिथे कुणाला लाज वाटत नाही. आणि मूल कसं होतं हे वर्गात नीट समजावून सांगायचं म्हटलं की लगेच संस्कृती बुडायला लागते! दहावीच्या विज्ञानात पुनरुत्पादन आहे, परीक्षेला आहे, तरी "हे घरी वाचा" म्हणून पानं उलटणारे शिक्षक आहेतच. घरी कोण सांगणार आहे? घरी तर टीव्हीवर निरोधची जाहिरात लागली की रिमोट शोधायची धावपळ!

हे सगळं आजचं नाही, याचा तर जास्तच राग येतो. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं देतात म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला. १९३४ साली खुद्द बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले, तरी कर्वे हरले. मग २००७ साली विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य सरकारने शाळांमधलं लैंगिक शिक्षणच थांबवलं. म्हणजे ऐंशी वर्षांत आपण तिथल्या तिथेच!

याची किंमत कोण मोजतं? पहिल्यांदा पाळी आल्यावर आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटून बाथरूममध्ये रडत बसलेली मुलगी. काहीच माहीत नसताना लग्न लावून दिलेली, आणि कुणालाच काही विचारू न शकणारी बाई. आणि ज्याला काका-मामा म्हणतो त्यानेच छळलेलं लेकरू. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ साली आला, चांगलंच झालं. पण आपल्या बाबतीत काय घडतंय आणि ते चूक आहे, हे त्या लेकराला कुणी सांगितलंच नसेल तर ते तक्रार काय करणार? ते सांगायलाच तर त्या डॉक्टरबाई येणार होत्या!

आणि मीटिंग संपल्यावर चार-पाच आयांनी मला जिन्यात गाठलं. "तुमचं अगदी बरोबर आहे हो, पण असं उघड कसं बोलायचं?" त्या ओरडणाऱ्या माणसापेक्षा मला तुमचाच राग जास्त आला. तुमच्याही मुली त्याच वर्गात आहेत ना? मग आत बसला होतात तेव्हा तोंड का नाही उघडलंत? व्याख्यान पुन्हा ठेवा, असं लेखी पत्र मी मुख्याध्यापकांना देणार आहे. या सही करायला.